येशूला बोललेला नवस

मंगलच्या हातात नारळ होता. नारळावर हळदकुंकू, सोबत खणाची घडी आणि उदबत्तीचा पुडा. चर्चच्या पायरीवर तिथला कारभार बघणारे आमचे पंच शलमोनभाऊ दोन्ही हात पसरून असे उभे होते, की कुणाला वाटावं ही बाई तोफच घेऊन आली आहे.

"हे आत जाणार नाही," ते म्हणाले.

"मग कुठं फोडू?" मंगलच्या सासूनं विचारलं. "जागा दावा. फोडतो आन् जातो. आमाला बी घरी कामं हायेत."

आतून पेटीचे सूर यायला लागले होते. पहिलं गीत सुरू होण्याच्या बेतात होतं. बाकावरच्या बायका माना वळवून बघत होत्या, आणि मंगलकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. कारण ही माणसं माझ्या व्हिजिटमधली होती.

मी बायबलबाई होते. हल्ली हा शब्द ऐकू येत नाही, म्हणून सांगते. चर्चचा पगार घेऊन घरोघरी जाणारी बाई म्हणजे बायबलबाई. पुरुष प्रचारक ओट्यावर बसून पुरुषांशी बोलायचे. चुलीपर्यंत जायचं तर बाईच लागायची. बायकांना लिहायवाचायला शिकवायचं, गाणी म्हणायची, प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची आणि महिनाअखेरीस पाळकसाहेबांना रिपोर्ट द्यायचा. पाळक म्हणजे चर्च सांभाळणारे धर्मगुरू, आमचे साहेबच म्हणा. लोकांना वाटायचं, ही माणसं बाटवत फिरते. खरं सांगायचं तर निम्मा वेळ मी लोकांचा लसूण सोलत असे. बायका हातातलं काम टाकून गोष्ट ऐकत नाहीत. आपण त्यांच्या कामात हात घातला, की ऐकतात.

माझ्या पिशवीत एक फ्लॅनेलचा फळा असायचा. पुठ्ठ्यावर फ्लॅनेलचं कापड ताणून बसवलेलं आणि पाठीला तसलंच कापड चिकटवलेली कागदी चित्रं. चित्र फळ्यावर नुसतं दाबलं की चिकटतं. होडी, मासे, आजारी मुलगी, तिचा बाप. गोष्ट जशी पुढे सरकेल तशी चित्रं हलवायची. टीव्ही कुणाकडे नव्हता तेव्हा. माझा फळा उघडला, की गल्लीतली पोरं चपला टाकून आत यायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा भाग देवळाली कॅम्पचा. नाशकातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतून बसनं जायचं आणि बाजाराशी उतरून मागच्या गल्ल्यांमध्ये शिरायचं. तिथं मंगल राहायची. नवरा तोफखान्यात, पण त्या वेळी दूर सरहद्दीकडे पाठवलेला. घरात ती, सासू आणि चार वर्षांचा बाळू. माणसं मूळची सिन्नरकडची. दुपारी सरावाच्या तोफा वाजल्या की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि सासू म्हणायची, "झालं यांचं सुरू." माझ्या फळ्याकडे तिचं लक्ष नसे, पण ती मला चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. मंगल मात्र सगळं ऐकायची. चित्रं उलटसुलट लावली तर चूक काढायची.

एकदा गेले तर बाळू तापानं फणफणलेला. सासूनं दृष्ट काढली होती, अंगारा लावला होता. मी म्हटलं, दवाखान्यात का नेलं नाही? मंगल म्हणाली, "नेते. पण आधी तुम्ही तुमची प्रार्थना करा."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट बजावून सांगितलेली असते. प्रार्थना करा, पण वचन देऊ नका. बरं होईल असं म्हणायचं काम आपलं नाही. मी पोराच्या कपाळावर हात ठेवला, दोन वाक्यं बोलले आणि टांगा बोलावून तिघांना दवाखान्यात पाठवलं. इंजेक्शनं झाली, औषध झालं, ताप उतरला.

पुढच्या व्हिजिटला मंगल दारातच उभी. "बाई, तुम्ही गेल्यावर मी तुमच्या येशूला नवस बोलले होते. पोर बरं झालं तर अनवाणी येईन, नारळ आन् खण वाहीन."

मी कपाळाला हात लावला. तिला समजावलं, की बाई गं, आमच्यात नवस नसतो. तिला ते पटतही होतं. पण सासू आतून बाहेर आली.

"बोललेला नवस ठिवू नाय. देव कुनाचा का असंना. उद्या पोराला काय झालं, तर तुमी येनार का जबाब द्यायला?"

मला वाटलं, बोलतील आणि राहतील. देवळालीहून अनवाणी कोण येतंय! पण आल्या. स्टँडपासून पायांत चपला न घालता आल्या.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे हे, योहान, एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. बोटं अशी चालायची की बघत राहावं. एका सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि ते कपावर पडले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलायला जायचे तर घशातून नुसता आवाज यायचा. मग चिडायचे. मग रडायचे. सगळ्या वस्तीनं प्रार्थना केली. पाळकसाहेब येऊन कपाळाला प्रार्थनेचं तेल लावून गेले. मी उपास केले. काही झालं नाही.

आणि मग मी घरात प्रार्थना करायची थांबले. ठरवून नाही. एके दिवशी डोळे मिटले आणि लक्षात आलं, की बोलायला काही उरलेलंच नाही. कामावर करायची. तिथं सवयीनं तोंडातून यायचं. बसचा कंडक्टर दिवसभर लोकांना गावाला पोचवतो आणि स्वतः कुठेच जात नाही, तसं माझं झालं होतं. सकाळी ह्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, शेजारणीला सांगायचं आणि बस पकडायची. बाळूचा ताप उतरला तेव्हा मला आनंद झाला. परतीच्या बसमध्ये त्याच आनंदाचा राग आला. परक्याच्या पोरासाठी दोन वाक्यं बोलले तर लगेच ऐकलंस, आणि माझं घर तुला दिसत नाही? खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली.

तर अशा मनःस्थितीत मी त्या रविवारी पायरीवर होते.

"भाऊ," मी शलमोनभाऊंना म्हटलं, "हंगामाच्या सणाला तुम्ही कोंबडा आणला होतात. तो गेला ना आत? उपदेशाच्या मधोमध आरवलासुद्धा."

"तो उपकारस्तुतीचा होता."

"मग हा नारळही उपकारस्तुतीचाच आहे."

उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानणं. आमच्यात पैशांऐवजी वस्तूही देतात. अंडी, भोपळा, नव्या गव्हाची पिशवी. प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे वेदीपाशी, ठेवायची आणि उपासनेनंतर बाहेर झाडाखाली तिचा लिलाव होतो. पैसे चर्चला जातात. शलमोनभाऊंना हा नियम माझ्याहून चांगला माहीत होता. ते कुंकवाकडे बोट दाखवत राहिले, पण हात खाली आले.

मी मंगलकडून नारळ घेतला. "आजी, आमच्याकडे फोडत नाहीत. नुसता देतात."

"न फोडता? मग देवाला कळंल कसं?"

"कळतं."

सासूचा विश्वास बसला नाही, पण ती आत येऊन शेवटच्या बाकावर बसली. पुढे लिलावात तो नारळ शलमोनभाऊंनीच घेतला. त्यांच्याकडे त्या दिवशी मटण होतं. सासू बघतच राहिली. "आवं, देवाचा नारळ इकत्यात? तुमचं समदंच उलटं हाय बाई." पण तिच्या डोक्यावरचा भार उतरला होता. माझ्या डोक्यावर तो चढायचा होता.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. भला माणूस. सायकलवर चार ठिकाणची चर्चं सांभाळायचा आणि सदा खोकत असायचा.

"एस्तेरबाई, ही बाई तयार आहे."

"कशाला?"

"बाप्तिस्म्याला. येत्या नाताळात घेऊ. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये साक्ष देईल."

बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेश, आणि साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. दोन्ही गोष्टी माणसानं उमजून करायच्या असतात.

"साहेब, ती नवस फेडायला आली होती. आणि नवरा सरहद्दीवर. तो परत येईल आणि बायको दुसऱ्याच धर्मात. तिला घराबाहेर काढलं तर तिनं जायचं कुठं?"

"सुरुवात अशीच होते. तुम्ही विचारून तर बघा."

"घाई होईल."

ते बराच वेळ खोकले. "या वर्षात तुमच्या भागातून एकही नाही, एस्तेरबाई. मला वरून विचारतात."

वरून म्हणजे हेड ऑफिसातून. त्याहून वरून कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

तरी सांगितलेलं काम, म्हणून गेले. मंगल ओट्यावर तांदूळ निवडत होती. सासू आत पडली होती. मी सूप ओढून घेतलं. कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होते, तर मंगलच म्हणाली, "बाई, तुमचे मालक आजारी हायेत म्हणं. चर्चमधल्या बाईनं सांगितलं. बोलता येत नाही त्यांना?"

"नाही."

"लय दिवस झाले?"

"वर्ष होऊन गेलं."

तिनं तांदळातला खडा उचलला आणि हातातच धरला. "मग तुम्ही नवस नाही बोलला?"

"मागितलं, मंगल. मी मागितलं, वस्तीनं मागितलं. नाही मिळालं."

"माझ्या पोराला तर लगेच गुण आला. आन् तुम्ही तर त्याच्या घरच्या. तुमचं का ऐकलं नाही?"

या प्रश्नाची उत्तरं आम्हाला शिकवलेली असतात. देव परीक्षा बघतो. देवाची वेळ निराळी असते. सगळी तोंडपाठ होती. कितीतरी घरांत मी ती दिली होती आणि बायकांनी माना डोलावल्या होत्या. त्या दुपारी एकही तोंडातून निघेना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग कशाला जाता अजून त्याच्याकडं?"

"भांडण आहे माझं त्याच्याशी. पण भांडायला तरी दुसरं कोण आहे मला?"

मंगलनं हातातला खडा फेकून दिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे उद्या बाळूला परत काही झालं, तर तुमचा येशू ऐकंलच असं नाही."

"नाही."

आत पडलेली सासू झोपली नव्हती. "मग काय उपेग?" तिनं तिथूनच विचारलं.

मी सूप खाली ठेवलं. बाप्तिस्म्याचं विचारायचा प्रश्नच उरला नव्हता. त्या दिवशी फळा पिशवीतून बाहेर निघाला नाही, आणि मंगल दारापर्यंत पोचवायला आली नाही. पुढच्या खेपेला तिनं दाराच्या फटीतून सांगितलं, "आत्याबाई नको म्हणतात." त्यानंतर मी त्या गल्लीतून जायची, पण तिच्या दाराशी थांबत नसे.

पाळकसाहेबांना सांगणं भाग होतं.

"काय सांगितलंत तिला?"

"खरं ते."

"खरं सांगायला हरकत नाही हो. पण सुरुवातीलाच कशाला?"

मला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं. म्हटलं, "साहेब, मला मोकळं करा. ज्याच्याशी मी स्वतः बोलत नाही, त्याच्याबद्दल घरोघरी काय सांगत फिरू?"

मला वाटलं, आता उपदेश होणार. "मी शनिवारी उपदेश लिहायला बसतो," ते म्हणाले, "आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहतो. रविवारी काहीतरी बोलतो. लोक म्हणतात, छान झाला." मग खोकले. "तुम्हाला सोडलं तर कॅम्पला कोण जाईल? या पगारात कोण येतंय?"

आम्ही दोघांनी चहा घेतला. प्रार्थना करू या, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. सोमवारी मी नेहमीची बस पकडली.

त्या दिवसांबद्दल लोक विचारतात, की श्रद्धा कशी टिकली. मला नाही वाटत टिकली असं. पाय टिकले. बाजाराशी उतरायचं, गल्लीत शिरायचं, लसूण सोलायचा, चित्रं लावायची. कुठल्या घरात बायका हसायच्या, कुठे दार लागायचं. गोष्टी मात्र मी बदलून सांगितल्या नाहीत. ज्या गोष्टीत आजारी मुलगी उठून बसते तीसुद्धा सांगायची, कारण ती माझी नव्हती. मला आज पटत नाही म्हणून ती गाळायचा हक्क मला नव्हता.

उन्हाळ्यात एका दुपारी मी घरीच होते. ह्यांना पेज भरवून झाली होती. दारात सावली पडली. बघते तर मंगल, खांद्यावर बाळू. पोराची मान लुळी पडलेली. चर्चपाशी विचारत विचारत आली होती.

"आत्याबाई गावाला गेल्यात," ती म्हणाली. "याला परत ताप. उतरतच नाही. तुम्ही प्रार्थना करा."

मी पोराला हात लावला. तव्यासारखं अंग. "मंगल, आधी सिव्हिलला नेऊ. चल."

"नेऊ. आधी करा." आणि मग माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "बरा होईल का?"

"मला माहीत नाही गं."

"चालंल. तरी करा."

मी पोराला तिच्या खांद्यावरून उतरवून चटईवर निजवलं. ती म्हणाली, "'होईल बरा' म्हणणारे कॅम्पात लय हायेत. सकाळपास्नं तेच ऐकतीय. मला कुणीतरी खोटं न बोलणारं पाहिजे होतं."

मी डोळे मिटले. प्रार्थना केली. काय बोलले ते आठवत नाही, पण सवयीचं नव्हतं. आमेन म्हणून डोळे उघडले तर मंगलचे डोळे मिटलेलेच आणि हात जोडलेलेच.

"आता यांच्यासाठी," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"मालकांसाठी. बघतायत ते."

मी वळले. हे खाटेवरून माझ्याकडे बघत होते. इतके महिने मी अर्ध्या कॅम्पसाठी प्रार्थना करून घरी यायची आणि त्यांना भरवायची, पुसायची, पांघरूण नीट करायची. मागायला त्यांना वाचा नव्हती. आणि त्यांना काही मागायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, इतकी मी माझ्या भांडणात गुंतले होते. मी खाटेजवळ गेले. त्यांचा डावा हात धरला. बरं कर, असं म्हणवेना. ते मागून झालं होतं. दुसरं काही सुचेना. शेवटी म्हटलं, "प्रभू, आम्ही अजून इथंच आहोत."

एवढंच. त्यांनी माझी बोटं दाबली. जोर फार नव्हता, पण सोडली नाहीत. मला उठायचं होतं, पोराला न्यायचं होतं, तरी सोडेनात. शेवटी मंगलनंच आमेन म्हटलं, तेव्हा सोडली.

मग रिक्षा केली आणि सिव्हिल गाठलं. टायफॉइड निघाला. बाळू बरेच दिवस वॉर्डात होता. मी सकाळी ह्यांचं आवरून डबा घेऊन जायची. सासू गावाहून आली आणि मला बघून म्हणाली, "आता परत नवस बोलली का काय ही?" मंगल म्हणाली, "नाही आत्याबाई. या खेपेला नुसतं सांगितलं." सासूनं डबा उघडून वास घेतला आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

बाळू बरा झाला. आमचे हे बरे झाले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं होते. वाचा आली नाही. त्या दोन वर्षांत आम्ही रोज संध्याकाळी हात धरून बसायचो. मी बोलायची. कधी मोजकं, कधी रागानं, कधी नुसतं त्या दिवसाचं काय काय झालं ते. ते गेले तेव्हा मंगल आणि सासू दोघी आल्या होत्या. सासू दिवसभर माझ्या शेजारी बसून राहिली, एक शब्द न बोलता. तिच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

मंगलचा बाप्तिस्मा झाला नाही. नवऱ्याची बदली झाली आणि ती माणसं उत्तरेकडे गेली. मधूनमधून ती मला आठवते. तिला मी आठवते का, माहीत नाही. पाळकसाहेबांनी वरच्या रिपोर्टात त्या वर्षीही माझ्या भागापुढे शून्यच घातलं.

पुढे ऐंशीच्या दशकात नव्या मुली या कामाला यायला लागल्या. चुणचुणीत, मॅट्रिक झालेल्या. त्यांना माझ्याबरोबर पाठवायचे. बसमध्ये एखादी हमखास विचारायची, "बाई, एखादीनं विचारलं, की तुमच्या देवानं तुमचंच का ऐकलं नाही, तर काय सांगायचं?"

मी सांगायची, "माहीत नाही म्हणायचं. आणि पुढच्या आठवड्यात परत जायचं."

मुलींना हे उत्तर फार काही आवडायचं नाही.